तापाची वाट पाहणारं घर

आमच्या घरात माणूस आजारी पडलं की जे होतं ते सगळ्यांकडे होतं तेच. थर्मामीटर सापडत नाही, पंखा बंद करायचा की नाही यावरून वाद होतो, आणि सासूबाई उकड्या तांदळाची पेज गॅसवर चढवतात. फक्त माझ्या मुलीला ताप आला की आमच्याकडे पाहुणे येतात. नणंद घणसोलीहून रिक्षा करून येते, येताना मोगऱ्याचा गजरा आणते. नवरा ऑफिसला फोन करून रजा टाकतो. मग सगळे मिळून तिच्या पलंगाभोवती बसतात, हळदीला नवरीभोवती बसतात तसे. एखाद्या परक्या माणसाने हे पाहिलं तर तो म्हणेल, या लोकांची डोकी फिरली आहेत. त्याचं काही चुकणार नाही.

कारण सांगते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे, आणि ती फक्त तापात बोलते.

एरवी ती बोलत नाही म्हणजे अगदी मुकी नाही. टीव्हीवरच्या जाहिरातीतला एखादा तुकडा गुणगुणते, दाराच्या कडीचा आवाज तोंडाने काढते, आणि काही मनाविरुद्ध झालं की एकच लांब सूर लावते, जो खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनाही आता पाठ झालाय. पण माझ्याकडे बघून, मला उद्देशून, काहीतरी हवं आहे म्हणून बोललेला शब्द नाही. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर टिकत नाही. ती खिडकीच्या गजांवर टिकते, पंख्यावर टिकते, मिक्सरच्या झाकणावर तर तासन्‌तास टिकते. ती पांढरा भात खाते आणि एकाच प्रकारचं बिस्किट खाते, तेही न मोडलेलं. केस विंचरायचे म्हणजे आमच्याकडे रोजची लढाई. मी तिच्यावर जीव टाकते आणि मी कोण आहे हे तिला माहीत आहे की नाही, हे मला माहीत नाही. हे वाक्य मी कुणासमोर बोलत नाही. बोललं की लोक धीर द्यायला लागतात, आणि लोकांनी धीर दिला की माझं डोकं फिरतं.

आम्ही शिरवण्याला राहतो. नवरा इथलाच, गावातला. सासऱ्यांची शेती होती तिथे आता दुसऱ्यांच्या बिल्डिंगा उभ्या आहेत, आणि जुन्या घराच्या जागी आमचं चार मजली घर. खाली भाडेकरू, वर आम्ही. सासरे आता नाहीत. मी मूळची कराडकडची, वडिलांच्या नोकरीमुळे खांदेश्वरला वाढले. नेरूळच्या एका ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते. बारावीचा प्रतिकारशक्तीचा धडा दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, ताप म्हणजे धोक्याचा भोंगा, असं मी वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभी राहून सांगत आले. मुलांना ते आवडतं, कारण परीक्षेत लिहायला सोपं जातं. मलाही आवडायचं.

ती साडेचार वर्षांची असताना तिने खालच्या भाडेकरूंकडून ताप आणला. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, साधा व्हायरल होता. दुपारची वेळ, मी जमिनीवर पेपर पसरून तपासत बसले होते आणि ती माझ्यामागे गादीवर पडून होती. ती कधी उठली कळलं नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, कढत हात माझ्या हनुवटीला लावून तिने माझा चेहरा वर केला, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आई, पानी दे."

पाणी नाही, पानी. तिच्या आजीसारखं. म्हणजे ही इतकी वर्षं आमच्यातच होती, सगळं ऐकत होती. मी उठून पाणी आणलं. तिने पेलाभर पाणी प्यायलं, मग आजीकडे गेली, मग दाराकडे बोट करून "बाबा कुठे" असं विचारलं. नवरा उरणच्या बाजूला बंदरावर नोकरीला आहे, तिथून तो कसा आला मला माहीत नाही, पण आला. ती त्याच्या मांडीवर बसली. मी केस विंचरायला घेतले तर विंचरू दिले. सासूबाईंनी पेजेत सुकट भाजून टाकलं, ते तिने खाल्लं. त्या दिवशी आमच्या घरात चार माणसं होती, जशी असायला हवी होती तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं कपाळ गार होतं. मी पेला भरून तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "पाणी?" ती मिक्सरच्या झाकणाकडे बघत होती.

आम्हाला वाटलं, सुरुवात झाली. आता हळूहळू येईल. मी तिच्या थेरपिस्ट बाईंना सांगितलं, त्यांनी कौतुकाने ऐकून घेतलं, पालक बोलतात ते कौतुकाने ऐकायचं असतं म्हणून. मग काही महिने काही नाही. मग पुन्हा ताप आला, पुन्हा ती आली. पुन्हा ताप गेला, ती गेली. तिसऱ्या वेळेला नणंद भाजी निवडता निवडता सहज म्हणाली, "वैनी, हिला ताप असला कीच बोलते ही, तुमच्या ध्यानात आलंय का?" माझ्या ध्यानात आलं होतं. मी फक्त तोंडाने म्हणत नव्हते.

त्या दिवसापासून घर बदललं. तापाची बातमी आमच्याकडे आनंदाची बातमी झाली. नवऱ्याचा फोन यायचा, "कशी आहे?" मी म्हणायचे, "अंग गरम लागतंय." तो म्हणायचा, "निघतो." त्या आवाजातला उत्साह ऐकून मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, कारण माझ्या स्वतःच्या छातीतही तेच धडधडत असायचं.

मग सगळे जमायचे आणि सुरू व्हायचं. आत्या म्हण. बाबा म्हण. मी कोण, सांग बरं. हा कुठला रंग? हे काय आहे? मोबाइल समोर धरलेले. ती म्हणायची. थकल्या आवाजात, हळू, पण म्हणायची. शेजारची काकू दारातून डोकावून "बरी झाली की हो पोरगी" म्हणायची, आणि सासूबाई नातीला दृष्ट लागेल म्हणून हातातल्या मीठ-मोहऱ्या लगेच ओवाळायच्या. नणंद तिच्या केसांत गजरा माळायची. ताप उतरायला लागला की थर्मामीटरच्या आधी तो गजराच आम्हाला सांगायचा. तिला तो सहन व्हायचा नाही, ती तो ओरबाडून काढायची. जमिनीवर मोगऱ्याच्या कळ्या पडल्या की नणंद पर्स उचलायची.

सानपाड्याच्या एका मेंदूविकार डॉक्टर बाईंना आम्ही ते व्हिडिओ दाखवले. मला वाटलं होतं त्या खुर्चीतून उठतील. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि मोबाइल परत दिला.

"काही मुलांत दिसतं असं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत नाही. का होतं ते आम्हाला नीट माहीत नाही."

मी म्हटलं, "मी बायोलॉजी शिकवते. जेवढं माहीत आहे तेवढं सांगा."

त्यांनी सांगितलं. प्रतिकारशक्तीच्या पेशी ताप येताना रक्तात जे निरोप सोडतात, ते काही फक्त जंतूंच्या लढाईपुरते नसतात. मेंदूही ते निरोप ऐकतो. आजारी माणसाला बोलावंसं वाटत नाही, जेवण नकोसं होतं, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं, ते मेंदूने त्या निरोपांना दिलेलं उत्तरच असतं. तुम्हाआम्हाला ते निरोप गप्प करतात. काही मुलांच्या मेंदूत तेच निरोप उलटं काम करत असावेत. किंवा नुसती उष्णता करत असेल, किंवा तिसरंच काही. "असावं हा शब्द विसरू नका," त्या म्हणाल्या.

"मग ते निरोप औषध म्हणून देता येतील का? ताप न आणता?"

"त्यावर काम चालू आहे. उंदरांवर. आज तुमच्या मुलीसाठी माझ्याकडे त्यातलं काही नाही."

खरं बोलणारा डॉक्टर मिळावा म्हणून आपण धडपडतो आणि मिळाला की त्याचं तोंड बघवत नाही. मी पर्स आवरायला लागले, तेव्हा त्यांनी फाइल उघडत विचारलं, "गरोदरपणात कधी मोठा ताप आला होता? काही इन्फेक्शन?"

आला होता. पाचव्या महिन्यात, कॉलेजच्या प्रॅक्टिकल परीक्षांच्या वेळी. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. आई खांदेश्वरहून येऊन उशाशी बसली होती. व्हायरल आहे, सगळीकडे साथ आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि उतरला तसा सगळे विसरून गेलो. पोटातली हालचाल नीट होती, सोनोग्राफी नीट होती. विसरण्यासारखंच होतं ते.

डॉक्टर बाईंनी ते लिहून घेतलं. आईच्या शरीरात त्या वेळी उसळलेली प्रतिकारशक्ती पोटातल्या बाळाच्या घडणाऱ्या मेंदूपर्यंत पोचत असावी, असा एक विचार आहे, असं त्यांनी सांगितलं. पण एका मुलाकडे बोट दाखवून हे त्यामुळेच झालं असं कुणीच म्हणू शकत नाही. जनुकं असतात, इतर कितीतरी गोष्टी असतात. गरोदरपणात ताप आलेल्या बहुतेक बायकांची मुलं अगदी व्यवस्थित असतात. "स्वतःला दोष देऊ नका," त्या म्हणाल्या.

दोष कोण देतंय? मला दोष नको होता, मला उत्तर हवं होतं, दोषासकट आलं असतं तरी चाललं असतं. मी घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून बसले. माझ्या तापात मी तिला घालवलं असेल, आणि तिच्या तापात ती मला भेटते. असेल आणि नसेल. शिकलेल्या बाईला नशिबावर ढकलायचीही सोय राहत नाही.

त्या बोलण्यात डॉक्टर बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या डोक्यात रुतून बसली. काही माणसं अचानक वेड लागल्यासारखी वागायला लागतात, भास होतात, ओळख विसरतात, आणि तपासलं तर त्यांच्याच प्रतिकारशक्तीने त्यांच्या मेंदूवर हल्ला केलेला असतो. वेळेत उपचार झाले तर त्यातली बरीच माणसं परत येतात. परत येतात, हे शब्द मी धरून बसले. डॉक्टर बाई सांगत होत्या की हिची लक्षणं तशी नाहीत, ती जन्मापासूनच अशी घडत आली आहे, तो आजार निराळा. मी हट्टाला पेटले. नवराही पेटला. शेवटी त्यांनी रक्त तपासून दिलं, आमच्या समाधानासाठी. ते रक्त काढताना चार जणांना तिला धरून ठेवावं लागलं. रिपोर्ट नॉर्मल आला. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ढसाढसा रडणारी बाई त्या लॅबवाल्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

लोकांचे सल्ले सांगायला बसले तर रात्र पुरणार नाही. जो तो उठून इम्युनिटी वाढवा म्हणतो. जुईनगरची माझी एक मैत्रीण काढ्याची पाकिटं घेऊन आली, रोज सकाळी अनशापोटी द्यायचं म्हणून. मी तिला विचारलं, वाढवून काय करायचं? जी आहे तिचं आधी काय चाललंय ते तरी कळू दे. दुसऱ्या एका शहाण्याने लशींमुळे होतं असं मोबाइलवर पाठवलं. त्याच्यावर मी इतकी भडकले की त्याने मला ग्रुपमधून काढून टाकलं. लशीचा आणि ऑटिझमचा संबंध नाही, हे मी वर्गात घसा फोडून सांगते आणि घरी माझ्या मुलीला प्रत्येक लस वेळेवर दिली आहे. अडाणीपणा मी सहन करते, पण माझ्या मुलीच्या नावावर कुणी अडाणीपणा खपवला की डोक्यात तिडीक जाते.

त्या वर्षापासून मी वर्गात सैनिक म्हणत नाही. पेशी म्हणते, रसायनं म्हणते. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

आता शितळाईचं सांगते. आमच्या गावदेवीच्या देवळामागे शेंदूर लावलेला एक दगड आहे, ती शितळाई. पोरांना गोवर-कांजिण्या आल्या, ताप हटेना झाला, की गावातल्या बायका तिच्यावर तांब्याभर गार पाणी घालतात आणि आदल्या दिवशीचा थंड दहीभात ठेवतात. ती निवली की पोर निवतं, अशी समजूत. मला या गोष्टींचा राग नाही. गार पाण्याने दगडाचं काही बिघडत नाही, बायकांना बरं वाटतं.

एकदा शेजारची काकू मला जिन्यात अडवून म्हणाली, "तुमच्या सासूबाई आजकाल देवीला वाफाळता भात ठेवतात, वाटलं तुमाला माहीत असंल." मला माहीत नव्हतं. त्या शुक्रवारी कॉलेजला जायच्या आधी मी देवळामागे गेले. सासूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. दगड कोरडा ठणठणीत होता, आणि त्याच्यासमोर केळीच्या पानावर भाताचा ढीग, त्यातून वाफ निघत होती.

"आई, हे काय?"

त्या दचकल्या नाहीत. "काय म्हनजे? भात हाय."

"शितळाईला गरम भात?"

"मंग काय करू गो?" त्या वळल्या. "गार घालून घालून जल्म गेला. काय दिला तिनी मना? आता ऊन-ऊन घालतंय. पानी बंद केलंय. तापू दे तिला."

"तापाने पोरगी हातची जाईल, कळतंय का तुम्हाला?"

"जायाची बात करू नको," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "लय नाय मागत मी. थोरासा ताप मागतंय. बोलन्यापुरता."

मी तिथेच त्यांच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण देवळासमोर झाडणारी बाई झाडू टाकून बघायला आली होती. मग मी रिक्षाने कॉलेजला गेले आणि सबंध रस्ता तोच एक शब्द डोक्यात घुमत राहिला. बोलण्यापुरता. एवढं नेमकं मागणं माझ्याकडेही नव्हतं. मी देव मानत नाही म्हणून मी कुणाकडे मागत नव्हते, एवढाच काय तो आम्हा दोघींत फरक.

भांडणाचं दुसरं कारण म्हणजे औषध. ते लाल पातळ औषध मुलांच्या तापावर घरोघरी असतं. डॉक्टर बाईंनी बजावून सांगितलं होतं, तापाशी खेळू नका. पाणी देत राहा, तिला त्रास होत असेल तर औषध द्या, ताप फार चढला तर सरळ घेऊन या. त्यातला त्रास होत असेल तर हा भाग आमच्या घरात कुणालाच ठरवता येत नव्हता. ती बोलत असायची. बोलणाऱ्या, बघणाऱ्या, मांडीवर बसणाऱ्या पोरीला त्रास होतोय असं कुणाला वाटणार? मी बाटली घेऊन आले की नवरा दारात यायचा. "थांब ना जरा. आत्ता कुठे माझ्याकडे बघायला लागलीय." तो अडवायचा नाही, नुसता उभा राहायचा. मी त्याच्या बाजूने आत जायची आणि औषध द्यायची, म्हणजे ओतायची, कारण तिला औषधाचा चमचा दिसला की ती तापातसुद्धा दात घट्ट मिटायची. अर्धं औषध उशीवर सांडायचं. माझ्या मागे नवरा आणि सासूबाई उभे असायचे. त्या घरात तेव्हा मी कोण होते ते त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. तिला आणणारी नव्हते, तिला घालवणारी होते.

यंदा नवरात्र संपलं आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तिला ताप आला. डॉक्टरांनी रक्त तपासून डेंग्यू नाही म्हणून सांगितलं. घरी परत येईपर्यंत नणंद गजरा घेऊन जिन्यात हजर. सासूबाईंची पेज तयार. खांदेश्वरला माझ्या आईवडिलांना व्हिडिओ कॉल लावला गेला, कारण वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना येता येत नव्हतं.

"आजोबा म्हण," नवरा म्हणाला.

"आजोबा."

पलीकडे माझे वडील रडायला लागले. "अजून एकदा म्हण बाळा," ते म्हणाले. तिने म्हटलं. मग नणंदेने तिचा हात धरला, "मी कोण?" "आत्या." "कुठली आत्या? घण..." "घणसोली." सगळे हसले. सासूबाईंनी पेजेचा चमचा पुढे केला, तिने तोंड उघडलं. मीही हसत होते. मीही विचारलं, "मी कोण?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई," आणि डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं झोप आली. मग जेवायची वेळ झाली म्हणून सगळे बाहेरच्या खोलीत गेले आणि मी तिच्याजवळ थांबले.

दार ओढून घेतल्यावर तिने डोळे उघडले.

"गेले?"

"जेवायला गेलेत."

"बोल बोल करतात," ती म्हणाली.

कुणी न विचारता तिने आमच्याबद्दल काही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ धरलं.

"डोकं दुखतं. बोललं की दुखतं."

"कधीपासून?" मी विचारलं. मला वाटलं, सकाळपासून म्हणेल.

"ताप आला की," ती म्हणाली.

सगळे ताप डोळ्यांपुढे आले. मांडीवर बसवून रंग ओळखायला लावलेले, गाणी म्हणायला लावलेले, उठवून बसवून पुन्हा म्हण म्हटलेले. आमच्या मोबाइलमध्ये ते सगळं आहे. त्या सगळ्या व्हिडिओंत आम्ही हसतोय आणि तिचं डोकं दुखतंय.

"औषध दे," ती म्हणाली. "लाल."

जिने आयुष्यात औषधाचा एक थेंब आपणहून घेतला नव्हता, ती मागत होती. बाटली खिडकीतच होती. मी ती उचलली, झाकण उघडलं, आणि हात तिथेच थांबला. आत्ता दिलं की संध्याकाळपर्यंत ही जाईल. पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. मुली मोठ्या होतात, ताप कमी येतात. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या की हे पुढे राहीलच असंही नाही. ती माझ्याशी बोलत होती. घोकून घेतलेलं नव्हे, माझ्याशी, तिला वाटलं म्हणून. मला तिला विचारायचं होतं की एरवी तू कुठे असतेस, मी बोलते ते तुला कळतं का, माझा राग येतो का.

"थोड्या वेळाने देऊ?" मी म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू येईना. "तू नि मी बोलू ना जरा. हळू बोलू."

तिने माझ्याकडे पाहिलं. नजर घसरली नाही.

"दे ना, आई," ती म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.

मी दिलं. चमचाभर औषध तिने गिळलं, उशीवर काही सांडलं नाही. मग तिने माझा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि मी तो तसाच ठेवून बसले. एक अक्षर बोलले नाही. बाहेर ताटांचे आवाज येत होते, नणंद मघाशी काढलेला व्हिडिओ पुन्हा लावून बघत होती, त्यातून आजोबा, आजोबा असं ऐकू येत होतं. हळूहळू माझ्या तळव्याला घाम लागला. तिचा का माझा, कळेना. मग तिने मान झटकून माझा हात बाजूला सारला आणि गजरा ओरबाडून काढला.

सासूबाई पेजेची वाटी घेऊन आत आल्या. जमिनीवरच्या कळ्यांकडे त्यांनी पाहिलं. "गेला का ताप? काय बोलली गो बाय?"

"औषध मागितलं."

"कोनी? हिनी?"

"हो. म्हणाली, ताप आला की डोकं दुखतं आणि बोललं की जास्त दुखतं."

त्या हातातल्या वाटीसकट खाली बसल्या. "म्हनजे आमी सगली..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मुलगी पंख्याकडे बघत होती. सासूबाईंनी तिच्या पायाला हात लावायला हात पुढे केला आणि मधेच मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. सासूबाई तांब्या घेऊन देवळाच्या वाटेने जाताना दिसल्या, दुसऱ्या हातात झाकलेली वाटी. घरात फ्रिजमधला कालचा भात आणि दही नव्हतं. नवऱ्याने त्याच्या मोबाइलमधले व्हिडिओ पुसून टाकले, मला न विचारता. मी माझे अजून ठेवले आहेत. बघत मात्र नाही.

त्यानंतर अजून तिला ताप आलेला नाही. मिक्सरचं झाकण आहे, बिस्किटं आहेत, तो लांब सूर आहे. तिला काय वाटतं ते मला आता थोडं तरी माहीत आहे, आणि त्यामुळे काहीही सोपं झालेलं नाही. रोज सकाळी शाळेसाठी तयार करताना मी तिच्या कपाळाला हात लावते. तिला ते आवडत नाही, ती मान झटकते. पण तेवढ्यात मला कळतं. कपाळ गार असतं. म्हणजे आज तिचं डोकं दुखत नाहीये, आज तिला बरं वाटतंय. आई म्हणून मला आनंद व्हायला हवा, आणि रोज सकाळी मनात पहिलं येतं ते हेच, की आजही ती मला आई म्हणणार नाही.